बीबीसी मायक्रोवरची रांगोळी उजवीकडे का फुटते

डावा अर्धा भाग कागदावर काढल्यासारखा नेटका येतो आणि उजवा विस्कटतो. पाकळ्यांचे रंग चुकतात, मध्येच इंग्रजी अक्षरं उगवतात, नाहीतर एखादं घर काळंच राहतं. बीबीसी मायक्रो या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर, त्याच्या मोड ७ या पडद्याच्या प्रकारात रांगोळी काढायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला हे भोगावं लागतं. मी तीन वर्षं भोगलं. आता भाचा आणि त्याचे मित्र माझ्याकडे येऊन काढतात, तेव्हा दर खेपेला तोच प्रश्न येतो: "मावशी, आरशासारखं उलटं तर केलं, मग वेगळं का दिसतंय?"

आम्ही पंचवटीत राहतो. पाडव्याच्या आधी गोदाघाटावर पाडवा पटांगणात मोठी रांगोळी घालतात, ती बघून आलं की हात शिवशिवतात. आमच्या इमारतीत खाली गुढी उभारतात, तिच्या बाजूला टेबलावर मी हे जुनं यंत्र आणि एक लहान टीव्ही मांडते आणि पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी काढते. एका वर्षी आदल्या रात्री सगळं नीट होतं. सकाळी हौसेने भोवती चौकट काढली आणि अख्खी रांगोळी क्षणात आकडे नि अक्षरांचा ढीग झाली. लोक जिन्यातून उतरत होते आणि मी घामाघूम. त्या सकाळपासून मी प्रत्येक बिघाडाची नोंद वहीत ठेवत आले. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे. यंत्र खरं नसलं, त्याची नक्कल करणारं बीबेम किंवा जेएसबीब हे सॉफ्टवेअर वापरत असलात, तरी लागू पडेल. तिथेही बिघाड अगदी असेच येतात.

रंगही एक घर अडवतो

मोड ७ मध्ये ४० रकाने आणि २५ ओळी असतात. एकूण १००० घरं आणि एका घराला एक बाइट. एकॉर्न या ब्रिटिश कंपनीने हे यंत्र १९८१ साली काढलं तेव्हा मॉडेल बी मध्ये सगळी मिळून ३२ केबी मेमरी होती आणि रंगीत मोड २ एकट्याने त्यातली २० केबी खायचा. मोड ७ एका केबीत भागवतो, कारण त्याचं चित्र एसएए ५०५० ही टेलिटेक्स्टची चिप काढते. टेलिटेक्स्ट म्हणजे टीव्हीच्या प्रक्षेपणातून मजकूर पाठवायची पद्धत. बीबीसीची सीफॅक्स सेवा १९७४ मध्ये सुरू झाली ती हीच. त्या पद्धतीत रंगासाठी वेगळी जागा नाही. रंग बदलायचा तर रंगाचा अंक मजकुरातच, एखाद्या अक्षरासारखा, एक घर अडवून बसतो. ते घर पडद्यावर रिकामं दिसतं.

आपल्याकडे ही यंत्रं केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातून १९८४-८५ पासून शाळांमध्ये आली. माझं यंत्र एका निवृत्त शिक्षकांच्या माळ्यावरून खाली उतरलं. पण ज्यांनी तेव्हा शाळेत मोड ७ बघितला, त्यांनाही तो फक्त अक्षरांचा मोड म्हणूनच आठवतो. आकृत्यांपर्यंत फार कमी जण पोचले.

चिप प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचते. ओळीच्या सुरुवातीला तिच्या मनात काही नसतं: पांढरी अक्षरं, काळी जमीन, बस. १४५ दिसला की तिथून पुढे लाल आकृत्या, १४६ ला हिरव्या, १४७ ला पिवळ्या, १४८ ला निळ्या, १४९ ला जांभळट, १५० ला आकाशी, १५१ ला पांढऱ्या. ओळ संपली की ती सगळं विसरते आणि पुढची ओळ पुन्हा कोरी. उजवीकडून डावीकडे ती कधीच बघत नाही. आपल्या रांगोळीची उजवी बाजू नेमकी इथे अडकते.

आकृतीच्या घरात सहा ठिपके असतात, दोन आडवे आणि तीन उभे. वरचे दोन १ आणि २, मधले ४ आणि ८, खालचा डावा १६ आणि खालचा उजवा ६४. हवे ते ठिपके मिळवायचे आणि त्यात १६० घालायचे. सहाही ठिपके भरले तर २५५. फक्त डावी उभी पट्टी १८१, फक्त उजवी २३४. हे दोन अंक लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आधी बघा, उगवलं काय आहे

बिघाड ओळखायचा तर चित्रात काय उगवलं ते आधी नीट बघावं. लगेच प्रोग्रॅम चाळत बसू नये.

मोठी इंग्रजी अक्षरं उगवली असतील, तर खालच्या उजव्या ठिपक्याला तुम्ही ६४ ऐवजी ३२ धरलेत. १, २, ४, ८, १६ म्हटल्यावर जिभेवर ३२ येतोच. पण १९२ ते २२३ हे अंक आकृतीच्या अवस्थेतही अक्षरंच दाखवतात, म्हणून ३२ ची बेरीज थेट त्यांच्यात जाऊन पडते. एक अंक बदला, काम झालं.

पांढरी लहान अक्षरं आणि आकडे उगवले असतील, तर त्या ओळीतला रंगाचा अंक पुसला गेला आहे. हीच माझी चौकटीची गोष्ट. रंगाचे अंक शून्याव्या रकान्यात बसलेले, मी तिथूनच चौकटीची उभी रेघ खाली आणली आणि एकेका ओळीचा रंग खरवडून काढला. चिपला आकृती काढायची हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून तिने त्याच बाइटमधलं अक्षर दाखवलं. डावी पट्टी १८१ तिथे ५ चा आकडा होते आणि उजवी पट्टी २३४ तिथे लहान जे (j) होतो. पडद्यावर ५ आणि जे यांची जोडी दिसली की मी बाकी काही न बघता ओळीची डावी कड तपासते. चौकट हवीच असेल तर पहिल्या रकान्यापासून काढा. शून्यावा रकाना रंगाचा, तो मोकळा सोडा.

नंबरचं आडवं-उभं चिन्ह (#) उगवलं, किंवा काढलेलं मागचं घर आपोआप पुसलं गेलं, तर तुम्ही १६० ऐवजी ३२ मध्ये बेरीज करत आहात. चिपला दोन्ही सारखेच, पण यंत्राची मधली व्यवस्था (ऑपरेटिंग सिस्टिम) तीन ठिकाणी हात घालते. ३५ पाठवला की ती मेमरीत ९५ ठेवते, म्हणून वरच्या दोन ठिपक्यांच्या जागी ते चिन्ह येतं. ९६ पाठवला की ३५ ठेवते, म्हणून खालच्या एका ठिपक्याच्या जागी वरची आडवी पट्टी येते. आणि १२७ म्हणजे तर पुसण्याचा हुकूम: भरलेलं घर काढायला जावं तर आधीचं घर जातं. यावर मी एक अख्खी दिवाळीची सुट्टी घालवली आहे. १६० मध्ये बेरीज करा, तिन्ही बिघाड एकदम जातात.

मात्र अक्षर कुठेच नाही, आकार दिसायला ठीक आहेत आणि फक्त रंग उजवीकडे चुकतोय, तर पुढचं सावकाश वाचा.

आरसा कुठे चुकतो

मुलं काय करतात, मीही काय करायचे, ते सांगते. डावा अर्धा भाग काढायचा. मग त्याच ओळीचे बाइट उलट्या क्रमाने उजवीकडे ठेवायचे. कागदाची घडी घालून ठसा उमटवावा तसं. हिशोब बरोबर वाटतो, कारण आई ठिपक्यांचा कागद असाच करायची: कागद घडी घालून उदबत्तीने भोकं पाडली की दोन्ही बाजू सारख्या.

एक ओळ घेऊ. लाल अंक, दोन लाल घरं, पिवळा अंक, मग मधली पिवळी घरं. याचे बाइट उलटे केले की मध्यापासून उजवीकडे आधी पिवळी घरं, मग पिवळा अंक, मग लाल व्हायला हवीत ती दोन घरं आणि सगळ्यात शेवटी लाल अंक. चिप डावीकडून वाचत आली आहे. पिवळा चालूच होता, पुन्हा पिवळा भेटला, म्हणून ती दोन घरंही पिवळीच रंगली. लाल अंक भेटला तेव्हा रंगवायला पुढे काही उरलंच नाही. आकार उलटे होतात, पण रंगाचा अंक उलटा करता येत नाही. तो नेहमी आपल्या उजवीकडच्या घरांनाच रंग देतो.

त्यात आणखी एक चूक मिसळलेली असते. घरांचा क्रम उलटला तरी घराच्या आतले ठिपके तसेच राहतात, म्हणून उजवीकडची पाकळी करवतीच्या दात्यांसारखी दिसते. आतले ठिपकेही अदलाबदल करावे लागतात: १ चा २, ४ चा ८, १६ चा ६४ आणि उलट. म्हणजे १८१ चा २३४ आणि २३४ चा १८१. मधल्या रकान्यातलं घर मात्र असं असावं की अदलाबदल करूनही तेच राहील.

तिसरी चूक मध्याची. ४० रकाने आहेत म्हणून मुलं शून्य आणि ३९ यांची जोडी लावतात. शून्यावा रकाना तर रंगाच्या अंकाने अडवलेला. चित्र १ ते ३९ मध्येच बसतं, म्हणून मधला रकाना २० आणि कुठल्याही रकान्याची जोडी म्हणजे ४० वजा तो रकाना. एवढं केलं की एक घर सरकलेली रांगोळी सरळ होते.

आता रंग. यावर उपाय मला आईने दिला, तिला कॉम्प्युटरमधलं काही येत नसताना. ती मागे उभी राहून बघत होती आणि म्हणाली, "अगं, दोन रंगांच्या मध्ये रेघ सोड की. रंगाला रंग भिडला की घाण दिसतं." रांगोळीत आपण रंग भरतो तेव्हा मध्ये पांढरी रेघ असतेच. इथे तीच रेघ काळी असेल.

म्हणून असं करा. आधी रंगाचा विचार सोडून फक्त आकार काढा, आणि जिथे रंग बदलणार तिथे एक अख्खं घर रिकामं ठेवा. डावीकडे रिकामं ठेवलं तर उजवीकडेही त्याच्या जोडीच्या रकान्यात रिकामं. आता हे आकार आरशात उलटे करा; रिकामी घरं एकमेकांसमोर बरोबर येतात. सगळं झाल्यावर शेवटी प्रत्येक रिकाम्या घरात त्याच्या उजवीकडच्या आकाराचा रंग भरा. डावीकडच्या फटीत आतला रंग जाईल, उजवीकडच्या फटीत बाहेरचा. अंक वेगळे, पण डोळ्याला दोन्ही फटी सारख्याच दिसतात. आरसा फक्त आकारांना लावायचा, रंगाच्या अंकांना कधीच नाही.

कुणीतरी हमखास विचारतं, होल्ड का लावत नाही? १५८ हा अंक लावला की रंगाच्या अंकाचं घर रिकामं न राहता आधीच्या घराचा आकार दाखवतं. काळी फट जाते, हे खरं. पण तो आकार आधीच्या घराचा आणि रंगही आधीचाच. डाव्या बाजूला बाहेरचा रंग एक घर आत येतो, उजव्या बाजूला आतला रंग एक घर बाहेर जातो. पाकळी एका अंगाला सुजल्यासारखी दिसते. येवल्याच्या पैठणीचा काठ काढायचा असेल, एकाच दिशेने जाणारी नक्षी असेल, तर होल्ड फार छान. तिथे मी बिनधास्त वापरते. रांगोळीला लावू नका.

त्यापेक्षा १५४ वापरून बघा. त्याने घरातले सहा ठिपके एकमेकांपासून सुटे दिसतात आणि पडदा खरोखर ठिपक्यांच्या रांगोळीसारखा होतो. पहिल्यांदा मी ते लावलं तेव्हा आई पडद्याजवळ येऊन ठिपके मोजायला लागली होती. तोही एक घर अडवतो आणि ओळ संपली की विसरला जातो, म्हणून प्रत्येक ओळीत द्यावा लागतो. शून्यात १५४, पहिल्यात रंग आणि चित्र २ ते ३८ मध्ये. मध्य पुन्हा २० च राहतो. एकच सूचना: यातला ठिपका उंचीपेक्षा जरा रुंद दिसतो, म्हणून वहीवर गोल काढलेलं कमळ पडद्यावर थोडं आडवं पसरतं. वहीवरच उभा अंडाकार काढून ठेवा.

रांगोळी वर सरकते तेव्हा

हा बिघाड वेगळा आहे, पण रांगोळी पुरी होत आली की तोच येतो. चाळिसावं अक्षर छापलं की यंत्र आपणहून पुढच्या ओळीवर जातं. त्यावर प्रिंट या छापायच्या हुकुमाने आणखी एक ओळ सोडली की मध्ये काळी पट्टी पडते. अर्धविराम दिलात की ती जाते. शेवटच्या ओळीचं शेवटचं घर छापलं की मात्र पूर्ण पडदा एक ओळ वर सरकतो आणि वरची ओळ गेलेली असते. प्रोग्रॅम संपल्यावर येणारं चिन्हही खालून ढकलतंच.

मी शेवटी रांगोळी २१ ओळींतच बसवायची ठरवली, शून्य ते २०, मधली ओळ १०. (गणपतीच्या दुर्वांइतक्याच ओळी आल्या याचं आईला कोण समाधान!) खालच्या तीन ओळी मजकुरासाठी वेगळ्या काढायच्या. त्यासाठी व्हीडीयू २८,०,२४,३९,२२ एवढा एक हुकूम पुरतो (व्हीडीयू म्हणजे पडद्याला थेट अंक पाठवणं). त्यानंतर यंत्राचं सगळं बोलणं त्या तीन ओळींतच होतं आणि वर सरकणंही तेवढ्यातच. रांगोळी आधी काढा आणि हुकूम नंतर द्या, नाहीतर रांगोळीही त्या तीन ओळींत कोंबली जाईल. व्हीडीयू २६ दिला की पूर्ण पडदा परत मिळतो. लुकलुकणारा कर्सर डोळ्यांत खुपत असेल तर व्हीडीयू २३;८२०२;०;०;०; द्या.

कॅसेटवर ठेवतानाही याचा फायदा आहे. पडदा जसाच्या तसा ठेवायचा तर मेमरीच्या ७सी०० पासून ७एफई८ पर्यंतच्या पत्त्यांचं (हे आकडे हेक्समधले) स्टार-सेव्ह (*SAVE) करायचं. १००० बाइट, फार वेळ लागत नाही. पण त्या वेळी यंत्र "रेकॉर्ड करा आणि रिटर्न दाबा" असा निरोप पडद्यावरच छापतं आणि तो निरोप रांगोळीच्या पोटात कायमचा जाऊन बसतो. माझ्याकडे अशी एक कॅसेट आहे, कमळाच्या मधोमध तो मजकूर. खालच्या तीन ओळी वेगळ्या असल्या की तो तिथेच राहतो. आणि वीज जायच्या आत ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दोन मिनिटं जाऊन येते, तेवढ्यात पडदा नि प्रोग्रॅम दोन्ही गेलेले असतात. ब्रेक चुकून दाबला गेला तर ओल्ड लिहून प्रोग्रॅम परत येतो, पडदा मात्र येत नाही.

ज्यांना छापण्याची कटकटच नको, त्यांनी थेट मेमरीत लिहावं. ३१७४४ मध्ये ओळ गुणिले ४० आणि रकाना मिळवला की त्या घराचा पत्ता मिळतो. पत्त्याच्या आधी प्रश्नचिन्ह देऊन तिथे बाइट ठेवायचा. सरकणं नाही, पुसणं नाही, शेवटचं ३२७४३ चं घरही बिनधोक भरता येतं. फक्त त्याआधी मोड ७ पुन्हा द्या. पडदा एकदा सरकलेला असेल तर पहिल्या घराचा पत्ता बदललेला असतो आणि रांगोळी भलतीकडे उमटते.

एका ओळीची परीक्षा

नवीन रांगोळी सुरू करण्याआधी मी एवढं टाकून बघते. मोड ७ देऊन व्हीडीयू ३१,१५,१०,१४५,२३४,२५५,१४७,२३४,२५५,१८१,१४५,२५५,१८१. मध्ये पिवळी आकृती, दोन्ही बाजूंना एकेक घराची फट आणि बाहेर दोन लाल पाकळ्या दिसल्या पाहिजेत. डावी लाल दीड घराची, उजवीही दीड घराची. आता व्हीडीयू ३१,१५,१०,३२ द्या: पहिला अंक पुसला जातो, डावी पाकळी जाते आणि तिच्या जागी पांढरा जे आणि एक पांढरा ठोकळा उभा राहतो. पिवळी आकृती मात्र तशीच राहते, कारण तिचा अंक तिच्या स्वतःच्या डावीकडे शाबूत आहे. भाच्याला मी हे एकदाच दाखवलं, त्यानंतर त्याने आरशाचा प्रश्न विचारला नाही.

मधली ओळ जमली की वर चढत जा. वरच्या दहा ओळी झाल्या की खालच्या दहा जवळजवळ फुकट मिळतात: ओळीची जोडी २० वजा ती ओळ, ठिपक्यांत १ चा १६, २ चा ६४ आणि उलट, मधले ४ आणि ८ तसेच. इथे रंगाच्या अंकांना हातही लावायचा नाही. प्रत्येक ओळ आपल्यापुरती डावीकडून उजवीकडेच वाचली जाते, वरची असो की खालची.